लिनक्स बसवले, आता अडचणी आल्या तर?

अमरावतीचा इतवारा बाजार असो की अकोल्याची ताजनापेठ, दुकानातील संगणक आता तराजूइतकाच गरजेचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. ज्यांना नवे यंत्र परवडत नाही, त्यांच्यासाठी मोफत मिळणारे लिनक्स हा सरळ मार्ग आहे. पण बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात चार-दोन अडचणी येतात आणि दुकानदार वैतागून बिनपरवान्याचे विंडोज टाकून घेतो. त्यात पैसा जातो, कधी हिशोबही जातो. म्हणून उबुंटू आणि मिंट या प्रचलित प्रकारांतील नेहमीच्या अडचणी व त्यांचे उपाय आम्ही येथे देत आहोत.

वायफाय दिसत नाही : काही वायफाय चिपांचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला इंटरनेटच हवे! अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्यातील 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. मग मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर', तर उबुंटूत 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडून सुचवलेला ड्रायव्हर बसवावा.

प्रिंटर दिसतो, कागद निघत नाही : एचपी लेझरजेट १०२० सारख्या प्रिंटरला सुरू होताना संगणकाकडून फर्मवेअर मिळावे लागते. त्यासाठी 'एचपीलिप' या सॉफ्टवेअरचा प्लगिन एकदा उतरवून घ्यावा लागतो. कॅनन एलबीपी २९०० ला याहून अधिक खटपट पडते. माहितगार माणूस सोबत घ्यावा.

घड्याळ साडेपाच तास मागे : एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली असल्या की असे होते. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच भारतीय वेळ समजते. मग बिलावर चुकीची वेळ छापली जाते. यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची आज्ञा लिनक्सला एकदाच द्यावी लागते.

उर्दू-मराठी अक्षरे बिघडतात : लग्नपत्रिका छापणाऱ्या कारागिरांना ही अडचण हमखास येते. कृतिदेवमधील मजकूर तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांत दिसतो. आपल्याकडचा फॉन्ट लिनक्समध्येही बसवता येतो. उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट मोफत आहे. मात्र इनपेजच्या फाइली लिनक्समधील लिब्रेऑफिस उघडत नाही. विंडोज काढण्यापूर्वीच त्या युनिकोडमध्ये बदलून ठेवाव्यात.

मध्येच वीज गेली : अपडेट चालू असताना वीज गेली तर प्रोग्राम अर्धवट राहतात. संगणक सुरू होताना 'रिकव्हरी मोड' निवडावा. त्यातील 'डीपीकेजी' हा पर्याय अर्धवट राहिलेले प्रोग्राम दुरुस्त करतो. उन्हाळ्यात यूपीएसशिवाय अपडेट करूच नये.

आता हिशोबाची गोष्ट. टॅली हे विंडोजसाठी बनले आहे, लिनक्सवर ते सरळ चालत नाही. ज्यांचे सारे खाते टॅलीवर आहे, त्यांनी त्या कामासाठी विंडोजचे एक यंत्र राखावे. जीएसटीचे विवरण ब्राउझरमधून भरता येते. एकट्या मालकीच्या दुकानाला ते मोबाइलवरील ओटीपीने मंजूर करता येते; कंपनी व एलएलपीला मात्र डिजिटल सही लागते.

आमचे सांगणे एवढेच की, घाई करू नये. सर्व हिशोब व ग्राहकांच्या फाइली आधी वेगळ्या डिस्कवर उतरवाव्यात आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. नंतर लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, प्रिंटर आणि आवाज तपासावा. यात जुन्या डिस्कला हात लागत नाही. सर्व ठीक दिसले तरच ते बसवावे. एका दुपारची ही मेहनत चालू यंत्र भंगारात जाण्यापासून वाचवू शकते.