बेट नसतानाचे दिवस

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी पाच माणसांची चार दिवसांची सहल काढण्याची चाल नव्हती. नाहीतर या म्हणीला तिसरे कलम नक्की जोडले गेले असते.

गेल्या मे महिन्यात आमच्या सांगलीच्या घरी असेच खलबत बसले. कन्येला बेट हवे होते. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये आपण, एवढीच तिची मागणी. चिरंजीवांना पोहायला मिळाले की पुरे. सौभाग्यवतींची अट एकच : ताट आयते समोर आले पाहिजे. कॉलेजचे पेपर तपासून मी मोकळा होणार जूनच्या आरंभी, आणि मुलांच्या शाळा उघडणार जूनच्या मध्यावर. म्हणजे हाती उरला पहिला आठवडा. अंदमानला आपल्या आधीच पाऊस पोचतो. मालवणला सिंधुदुर्गाच्या होड्या पावसाळ्यासाठी बंद झालेल्या असतात. आई कोपऱ्यात गवार मोडत बसली होती. तिला विचारले, तर म्हणाली, "मला आपलं घर बरं. तुम्ही जाऊन या."

शेवटी आमच्या हिनेच मोबाइलवर शोध लावला. साताऱ्याहून कासच्या पठारावरून पलीकडे उतरले की बामणोली. तिथून होडीने जायचे. शिवसागर जलाशयातल्या एका टेकडीवर राहण्याची सोय. जाहिरातीत 'बेट' असे ठसठशीत छापलेले, आणि जूनमधला दर हंगामातल्या दराच्या निम्मा!

मी फोन लावला. व्यवस्थापक मोठा सरळ माणूस निघाला. दोन दिवसांचे आरक्षण घेतल्यावर जरा अडखळत म्हणाला, "सर, एक सांगायचं राहिलं. सध्या बेट नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"पाणी उतरलंय ना. मधली सखल जमीन उघडी पडलीय. होडी लागणार नाही, चालत यावं लागेल."

मी फोन ठेवून ही गंमत घरात सांगितली. कन्येचा चेहरा पडला. मी आरक्षण रद्द करायला पुन्हा फोन उचलला, तोच आई म्हणाली, "चालत? म्हणजे खालची वाट वर आली असेल." आणि थोड्या वेळाने, "जाऊ या की रे. मी येते."

इथे थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना दक्षिणेकडे वाहत जाते आणि मग वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिच्या वाटेत १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी पाणी अडू लागले. सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा जलाशय तयार झाला, तोच शिवसागर. त्यात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. महाराष्ट्राला वीज मिळाली. पण जावळी आणि पाटणच्या खोऱ्यातली गावेच्या गावे पाण्याखाली गेली. तिथली माणसे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी पांगली. पुनर्वसनाची कित्येकांची प्रकरणे त्यानंतर अनेक दशके लोंबकळत राहिली.

माझी आई त्या माणसांपैकी एक. गाव सोडले तेव्हा ती दहा वर्षांची होती. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे वेगळे आणि ध्यानात असणे वेगळे. वीस वर्षांपूर्वी वडील असताना आम्ही एकदा दिवाळीत बामणोलीला गेलो होतो. जलाशय काठोकाठ भरलेला. आम्ही डोंगर पाहत होतो आणि आई होडीच्या कडेला बसून सारा वेळ खाली पाण्यात पाहत होती. तिला मळमळते आहे असे समजून आम्ही तिला लिंबू दिले होते!

धरणाचे एक वेगळेच पंचांग असते, ते मला या निमित्ताने कळले. कोयनेचे तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होते. वर्षाकाठी ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वीज करण्यासाठी राखलेले. उरलेल्यातले पूर्वेकडे सुटते, ते कृष्णेतून उन्हाळ्यात आमच्या सांगलीपर्यंत येते. ताकारी, म्हैसाळच्या योजनांतून शेतांत जाते. असा वर्षभर खर्च होऊन जूनच्या आरंभी जलाशय तळाकडे आलेला असतो. प्रवाशाच्या दृष्टीने हा आडहंगाम. आईच्या दृष्टीने तोच एक हंगाम होता.

मग बेत मनापासून आखला. आडहंगामात जाणाऱ्यांनी फोनवर चार गोष्टी विचारून घ्याव्यात, हे मी आता अनुभवाने सांगतो. पाणी कुठवर आहे आणि गाडी कुठवर जाते? वयस्क माणसाला किती चालावे लागेल? वीज गेली तर सोय काय? आणि जवळचा डॉक्टर कुठे? आमच्या आईसाठी काठी, कन्व्हासचे बूट आणि गोळ्यांची दुप्पट पुडी घेतली. वळवाचा भरवसा नसतो म्हणून बाहेरचे सारे सकाळीच उरकायचे ठरवले. शनिवार-रविवार टाळले. साताऱ्याला मेहुण्याकडे एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे कास ओलांडले. फुलांचे ते पठार त्या दिवसांत नुसते तांबडे आणि उघडेबोडके. रस्त्यावर गर्दी अशी नाहीच.

काठावरून टेकडीपर्यंतची वाट म्हणजे भेगाळलेला गाळ आणि त्यावर उगवलेले हिरवे गवत. गुरे चरत होती. आई आमच्या पुढे चालत होती. मध्येच ती थांबली. दगडांची एक ओळ होती, मला तरी ती बांधासारखी दिसली. "हा आमचा नव्हे," ती म्हणाली. "आमचं गाव त्या वळणाच्या पलीकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका स्थानिक माणसाने आम्हाला होडीने त्या वळणापलीकडे नेले. घर सापडले नाही. साठ वर्षांच्या गाळात मातीच्या भिंती कशा राहणार? सापडल्या त्या पाणवठ्याच्या पाच पायऱ्या. आई खालून दुसऱ्या पायरीवर बसली आणि बोटाने दाखवू लागली : इथे सुताराचे घर, तिथे चिंच, त्या अंगाला शाळा. बेटासाठी हटून बसलेली माझी कन्या शेजारी बसून मोबाइलवर एकेक नाव लिहून घेत होती. मध्येच ती विचारी, "आजी, मग चिंचेच्या डाव्या हाताला कोण?" आणि आजीला आठवे. ही नावे मी छेचाळीस वर्षांत एकदाही विचारली नव्हती. मराठीचा प्राध्यापक मी; लोकांची गावे आणि बोली यांवर वर्गात तासन् तास बोलतो.

चिरंजीव पोहले. हिला ताट आयते मिळाले. नाचणीची भाकरी आणि ठेचा. म्हणजे सगळ्यांच्याच मागण्या पुऱ्या झाल्या, बेटाची तेवढी राहिली.

निघताना व्यवस्थापकाने होडी न दिल्याबद्दल बिलातून आणखी काही रक्कम वजा केली आणि ओशाळून म्हणाला, "आजी, ऑक्टोबरात या. तेव्हा चारी बाजूंनी पाणी असतं. बेट बघण्यासारखं होतं."

आई काठी सावरत म्हणाली, "ऑक्टोबरात या पोरांना बोलवा. मी जूनला येईन."

कन्येने पुढच्या जूनचे आरक्षण गाडीत बसण्याआधीच करून टाकले.