पदवीधर आणि भूसेनेतील अधिकारपद

महाविद्यालयीन पदवी संपादन केल्यावर भूसेनेत अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या तरुणाच्या बाबतीत त्या पदवीचे मोल नेमके कोठे होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना व त्यांना सल्ला देणाऱ्या अध्यापकांना वारंवार पडतो. प्रस्तुत टिपणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

पदवीधरास खुले असलेले प्रमुख मार्ग दोन : डेहराडूनच्या भारतीय सैनिकी प्रबोधिनीतून कायम कमिशन आणि चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीतून अल्पमुदतीचे कमिशन. दोहोंसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा ‘सी.डी.एस.’ ही परीक्षा घेतो. तीत इंग्रजी व सामान्य ज्ञान हे विषय असतात. डेहराडूनसाठी गणिताची भर पडते, परंतु तेही शालान्त दर्जाचे. पदवीच्या विषयाची कसोटी येथे लागतच नाही. लेखी परीक्षेइतकेच गुण निवड मंडळाच्या चाचण्यांना असतात. पाच दिवसांच्या त्या प्रक्रियेत मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी घेणारा अधिकारी व मुलाखत घेणारा अधिकारी उमेदवारास स्वतंत्रपणे पारखतात. तेथे प्रथम वर्गाला वेगळे वजन नाही.

मग पदवी कशासाठी? खडकवासल्यास शालेय शिक्षणानंतर दाखल होणारा छात्र तेथे तीन वर्षे व डेहराडूनला एक वर्ष काढतो. पदवीही त्यास खडकवासल्यासच मिळते. पदवीधर मात्र डेहराडूनला सुमारे दीड वर्षात सिद्ध होतो. म्हणजे पदवी ही येथे विद्वत्तेचा पुरावा नसून, इतरत्र पूर्ण केलेल्या सामान्य शिक्षणाची पावती होय.

अल्पमुदतीच्या मार्गाचे मूळ १९६२ च्या चीन युद्धात आहे. अधिकाऱ्यांची उणीव भरून काढण्यासाठी आणीबाणीचे कमिशन देण्यात आले व मद्रास आणि पुणे येथे प्रशिक्षणशाळा निघाल्या. पुण्याची शाळा १९६४ मध्ये बंद झाली. मद्रासची टिकली आणि १९८८ मध्ये तिला प्रबोधिनी हे नाव मिळाले. १९९२ पासून तेथे स्त्रियाही प्रशिक्षण घेऊ लागल्या. सेनेची रचना शंकूसारखी असते : कनिष्ठ अधिकारी पुष्कळ लागतात, वरिष्ठ थोडे. म्हणूनच ही व्यवस्था युद्धानंतरही राहिली.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली वयाची. डेहराडूनसाठी कमाल वय २४, तर चेन्नईसाठी २५ आहे. एम.ए. होईपर्यंत तेविसावे वर्ष उजाडते व संधी एकदोनच उरतात. पदवीच्या अंतिम वर्षातही अर्ज करता येतो, हे विद्यार्थ्यास वेळीच सांगितले पाहिजे. दुसरी परतीची. अल्पमुदत दहा वर्षांची असून ती चौदापर्यंत वाढू शकते. त्यानंतर पस्तिशीच्या आसपासचा अधिकारी पुन्हा नागरी जीवनात येतो. त्याच्या विषयाची विचारणा खरी होते ती तेव्हा, आणि तोवर त्या ज्ञानावर दशकाची धूळ बसलेली असते.

सारांश, पदवी सेनेचे दार उघडते, निवड करीत नाही; तिचा खरा उपयोग बाहेर पडताना होतो. हे ध्यानी घेऊन अभ्यासविषयाशी संबंध राखणारा पदवीधर दोन्ही वेळी उणा पडणार नाही.