मन मोजताना : ईटच्या वर्गातली शनिवारची चाचणी

या आठवड्यात बुद्धिमापनाच्या बिने-कामत चाचणीवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण ईटहून (ता. भूम) पत्र आलं आणि त्यातला प्रश्न सोडवेना. लिहिणाऱ्या बाई बारावीला मानसशास्त्र शिकवतात. दर शनिवारी त्या छोटीशी चाचणी घेतात. पोरं कुरकुरतात, "मॅडम, तेवढ्यात धडा अजून एकदा वाचून झाला असता की!" बाई विचारतात, पोरांचं बरोबर आहे का?

नेमक्या याच तक्रारीवर प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक यांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. एका गटाने एक उतारा चार सत्रं नुसता वाचला. दुसऱ्याने एकच सत्र वाचला. पुढची तीन सत्रं उतारा मिटलेला, समोर कोरा कागद, आठवेल तेवढं लिहायचं. वाचणाऱ्यांची सरासरी चौदा वाचनं झाली, लिहिणाऱ्यांची साडेतीनसुद्धा नाहीत. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं, तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ६१.

मला यातलं सर्वांत आवडतं ते वेगळंच. आठवड्याने किती आठवेल, असा अंदाज आधीच विचारला होता. त्यात वाचणाऱ्यांचीच खात्री दांडगी! पान वारंवार डोळ्यांखालून गेलं की ओळखीचं होतं, आणि ओळखीचं झालं की पोराला वाटतं, आपल्याला आलं. बोर्डाच्या पेपरला ते पान समोर नसतं. तेव्हा बाई, शनिवार सोडू नका.

एक पथ्य मात्र पाळा. चार पर्यायांचे प्रश्न काढायला बरे, तपासायला त्याहून बरे. पण चुकीचा पर्यायही वाचला जातो, एखाद्याच्या डोक्यात तोच बसतो आणि पुढे उत्तर म्हणून तोच बाहेर येतो. रोडिगर आणि मार्श यांनी २००५ मध्ये हे दाखवलं. म्हणून बरोबर उत्तरं सांगितल्याशिवाय अशी चाचणी वाऱ्यावर सोडू नये. नुसते मार्क वाटून भागत नाही.

बाईंनी जुने प्रश्नही पाठवलेत. 'व्याख्या लिहा', 'टीप लिहा' असे. ऋण प्रबलनाची व्याख्या घडाघडा लिहिणारा विद्यार्थी उदाहरण दिलं की हमखास अडखळतो, असा माझा अनुभव. मी असं विचारेन : आई अभ्यासासाठी मागे लागते. मुलगा पुस्तक उघडतो, कटकट थांबते. काही दिवसांनी आईची चाहूल लागली तरी पुस्तक उघडतं. ही शिक्षा की ऋण प्रबलन?

बरेच जण शिक्षा म्हणतील, कारण कटकट कोणाला आवडते? पण शिक्षेने वर्तन कमी होतं. इथे पुस्तक उघडणं वाढलंय, आणि वाढलंय ते नकोसं काही टळतं म्हणून. म्हणजे ऋण प्रबलन.

आता पुढचा उपप्रश्न. दरम्यान आईची कटकटही वाढली. ती कशामुळे? याचं उत्तर मी देत नाही. ईटच्या वर्गाने शनिवारी लिहावं, पुस्तक मिटून, आणि बाईंनी त्यातली चुकलेली उत्तरं मला जरूर पाठवावीत. बरोबर उत्तरांपेक्षा मला तीच हवी आहेत. कामत पुढच्या आठवड्यात, आणखी एखादं पत्र आडवं आलं नाही तर.