फोनला मिळतं ते लॅपटॉपला का मिळत नाही?

गेल्या रविवारी सकाळी शेजारच्या काकू उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून दारात आल्या. "अरे, नातीचा क्लास अकराला सुरू होतोय आणि याला वायफायच मिळत नाहीये. फोनवर मात्र सगळं चालतंय. असं कसं?"

निम्मं निदान काकूंच्या प्रश्नातच होतं. फोन त्याच वायफायवर चालतोय, म्हणजे घरात येणारी फायबरची तार ठीक, राउटर ठीक आणि बिलही भरलेलं. दोष एक तर लॅपटॉपमध्ये, नाहीतर राउटर आणि त्याच्यामधल्या पंधरा-वीस फुटांत.

नेहमीचे उपाय आधी केले. एअरप्लेन मोड बंदच होता. मग लॅपटॉपला जुनं नेटवर्क विसरायला लावून पासवर्ड नव्यानं घातला. या पासवर्डची गंमत सांगायलाच हवी. तो हवेतून कधी जातच नाही. राउटर एक आकडा पाठवतो, लॅपटॉप दुसरा. दोघंही आपापल्याजवळच्या पासवर्डवरून किल्ली बनवतात आणि दोन्ही किल्ल्या जुळतात का, एवढंच चार निरोपांत ताडून पाहतात. म्हणून राउटरचा पासवर्ड बदलला आणि लॅपटॉपनं जुनाच जपून ठेवला, की जोडणी होत नाही. काकूंचा पासवर्ड बरोबर होता. तारीख-वेळही बरोबर होती. (तीही पाहावी. घड्याळ काही वर्षं मागे पडलेलं असेल तर वायफाय जोडलं जातं, पण बहुतेक वेबसाइट उघडत नाहीत.)

मग त्यांच्या घरी जाऊन लॅपटॉप राउटरला चिकटून ठेवला. लगेच जोडला गेला. बेडरूममध्ये नेला, तुटला. तिथल्या टेबलावर चार बोटं डावीकडे सरकवला, तर मिनिटभर पुन्हा जोडला! वायफायच्या दोन दांड्या मात्र पडद्यावर सारख्या दिसत होत्या. राउटरचा आवाज लॅपटॉपला किती ऐकू येतो, तेवढंच या दांड्या सांगतात. लॅपटॉपचं उत्तर राउटरपर्यंत पोचतंय का, हे त्यांना कळत नाही.

चार बोटांनी फरक का पडावा? २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. ती भिंतीवर, लोखंडी कपाटावर, स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या मांडणीवर आपटून अनेक वाटांनी लॅपटॉपपाशी येते. एका वाटेनं आलेल्या लहरीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला की दोन्ही विरतात. काही सेंटिमीटर पलीकडे तेच उंचवटे एकमेकांवर चढून लहर दुप्पट होते. हवेत काही दिसत नसलं तरी त्या टेबलावर 'रेंज'चे डोंगर आणि दऱ्या पसरलेल्या असतात.

म्हणजे घर हा छोटा गोल घुमटच. विजापूरच्या सहलीत ज्यांनी तिथे ओरडून पाहिलंय, त्यांना आठवत असेल, एक शब्द कितीदा परत येतो ते. तिथे भरभर बोललं तर आधीच्या शब्दाचा पडसाद पुढच्या शब्दावर चढतो आणि काहीच कळत नाही. वेगवान वायफायचा जन्म याच अडचणीपाशी अडला होता. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओसलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी त्यावर तोडगा काढून १९९२मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. एकानं भराभर बोलण्याऐवजी अनेकांनी वेगवेगळ्या पट्टीत सावकाश बोलावं आणि ऐकणाऱ्यानं गणितानं प्रत्येक पट्टी वेगळी करावी, अशी ती वाट. १९९९च्या एका वायफाय मानकात अशा ५२ पट्ट्या आहेत. प्रत्येक चिन्ह, म्हणजे या बोलण्यातला एकेक शब्द, चार मायक्रोसेकंद टिकतं आणि त्यातला ०.८ मायक्रोसेकंद फक्त पडसाद विरण्यासाठी राखलेला असतो. तेवढ्या वेळात रेडिओलहर २४० मीटर जाते. दोन खोल्यांच्या घरातले पडसाद त्याच्या कितीतरी आधी संपतात.

पडसादांचा त्रास असा टळला. पण १९९२मध्येच अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एका भारतीयानं उलटाच विचार मांडला, की पडसाद हवेतच! आरोग्यस्वामी पॉलराज यांचं नाव आपल्याकडे घराघरात असायला हवं होतं. हेडी लमार ही अभिनेत्री वायफायची जननी होती, असे संदेश मात्र फिरत राहतात. लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांचं १९४२चं पेटंट खरं आणि हुशारीचं आहे, पण ते टॉर्पेडोला सूचना देताना सतत लहरींची पट्टी बदलण्याचं होतं. आजचं वायफाय तसं चालत नाही.

पॉलराज मूळचे तमिळनाडूचे. पंधराव्या वर्षी ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले आणि पुढे नौदलात गेले. १९७१च्या युद्धात पाकिस्तानी पाणबुडीनं आयएनएस खुकरी बुडवल्यावर आपल्या जहाजांची सोनार यंत्रणा सुधारणं निकडीचं झालं. त्या कामात पॉलराज पुढे होते. समुद्रात अनेक 'कान' लावून पडसादांमधून नेमका आवाज वेचायचा, यात त्यांची वर्षं गेली. स्टॅनफर्डला त्यांना साथ मिळाली थॉमस कैलाथ यांची. कैलाथ पुण्यात जन्मलेले मल्याळी, पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९५६चे पदवीधर. दोघांच्या पेटंटला १९९४मध्ये मान्यता मिळाली.

त्यांची कल्पना नववी-दहावीच्या बीजगणितातून समजते. दोन अँटेना एकाच वेळी, एकाच पट्टीत दोन वेगळे निरोप पाठवतात. त्यांना क्ष आणि य म्हणू. समोरच्या दोन अँटेनांना दोघांची सरमिसळ ऐकू येते. म्हणजे दोन समीकरणं, दोन अज्ञातं. उघड्या माळावर दोन्ही अँटेनांना जवळपास एकसारखीच सरमिसळ मिळते. एक समीकरण दुसऱ्याची नक्कल असेल तर क्ष आणि य सुटणार कसे? पण घुमटात, म्हणजे भिंतींच्या घरात, प्रत्येक अँटेनाकडे पडसाद वेगळ्या वाटांनी येतात. दोन समीकरणं खरोखर वेगळी होतात आणि सुटतात. ज्या भिंतींना आपण बोल लावतो, त्याच भिंती तेवढ्याच हवेतून दुप्पट माहिती नेतात. अनेकांना हे पटलं नव्हतं. पुढे बेल लॅब्जमधल्या जेरार्ड फॉशिनी यांनीही स्वतंत्रपणे याचं सामर्थ्य दाखवलं आणि २००९च्या वायफाय मानकात ही पद्धत आली. २०१४मध्ये पॉलराज यांना मार्कोनी पारितोषिक मिळालं.

आता काकूंचा लॅपटॉप. राउटरजवळ चालतो, लांब गेलं की गळपटतो, आणि त्याच जागी फोनला काही होत नाही. ही खूण एखादी अँटेना निसटल्याची. बहुतेक लॅपटॉपच्या अँटेना खालच्या भागात नसतात, पडद्याच्या कडेला असतात. तिथून काळी आणि राखाडी अशा दोन बारीक तारा बिजागरीतून खाली येतात आणि वायफायच्या छोट्या कार्डावर बसतात. झाकण उघडलं-मिटलं, की प्रत्येक वेळी त्या वाकतात.

नातीनं क्लास फोनवर केला. दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलानं बॅटरी आधी सोडवली, मग बोटानं दाखवलं. राखाडी तारेच्या टोकाचं मोहरीएवढं पितळी बटण कार्डावरून उडून बाजूला पडलं होतं. एकच समीकरण उरलं होतं, आणि तेही लंगडं. त्यानं ते बटण चिमट्यानं जागेवर धरून नखानं दाबलं. बारीकसा 'टक्' आवाज आला.

"झाकण एका कोपऱ्याला धरून उघडता का, काकू?" त्यानं विचारलं. "मधोमध धरत जा. कोपऱ्याला ओढलं की बिजागरीला पीळ बसतो."

संध्याकाळी बेडरूममधल्या त्याच टेबलावर, त्याच जागी, लॅपटॉप जोडला गेला. मी तो चार बोटं सरकवून पाहिला. जोडणी तुटली नाही.