पहिला नंबर हातात, तरी माणूस सापडेना: क्लीव्हलँड ब्राऊन्सची १९ वर्षांची भरती

‘की-पोस्टवर माणूस कसा निवडायचा’ हा व्हिडिओ ज्यांनी बघितला, त्यांच्यासाठी हा लेख. व्हिडिओत मी अमेरिकन फुटबॉलचं उदाहरण दोन मिनिटांत उरकलं होतं. ते दोन मिनिटांत उरकण्यासारखं नाहीच, म्हणून इथे निवांत सांगतो. खेळ माहीत नसला तरी चालेल, लागेल तेवढा समजावतो.

आधी क्वार्टरबॅक म्हणजे कोण ते बघू. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा-अकरा खेळाडू. बॉल १० यार्ड पुढे न्यायला चार संधी मिळतात. जवळपास प्रत्येक वेळी बॉल पहिल्यांदा एकाच माणसाच्या हातात येतो, तो क्वार्टरबॅक. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर येत असतात आणि त्याला साधारण अडीच-तीन सेकंदांत ठरवायचं असतं की बॉल कोणाकडे फेकू. आपल्या भाषेत सांगायचं तर विकेटमागून फील्ड लावणारा कीपर आणि शेवटची ओव्हर टाकणारा बॉलर, ही दोन्ही कामं एकाच माणसाला रोज करायला लावा. तो चांगला असेल तर मध्यम टीमही वर येते. तो नसेल तर बाकीच्यांची मेहनत वाया.

आता ड्राफ्ट. आयपीएलचा लिलाव डोक्यातून काढून टाका. लिलावात ज्याच्या खिशात पैसा तो बोली लावतो. ड्राफ्टमध्ये पैसा नाही, पाळी चालते. कॉलेजमधून येणारी पोरं समोर असतात, ३२ टीम एकेक करून नाव घेतात, अशा सात फेऱ्या. आणि गंमत अशी की मागच्या वर्षी जो सगळ्यात शेवटी राहिला, त्याची पाळी पहिली. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. त्यांची टीम सतत हरायची आणि चांगली पोरं मोठ्या टीमकडे जायची, म्हणून त्यांनीच हा मार्ग सुचवला. पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. पहिलं नाव बेल यांनीच घेतलं, जे बर्वांगर. हा पठ्ठ्या एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही! पुढे त्याने रबर आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या बनवायचा स्वतःचा कारखाना काढला. म्हणजे पहिल्या नंबरची पहिली निवडच धंद्यात गेली. मला तरी हे ऐकून बरं वाटलं.

तर ब्राऊन्स. क्लीव्हलँड हे ओहायो राज्यातलं स्टीलच्या कारखान्यांचं जुनं शहर, फुटबॉलवेडं. १९९५ च्या सीझननंतर मालकाने टीम उचलून बाल्टिमोरला नेली. शहर तीन वर्षं टीमशिवाय राहिलं. १९९९ मध्ये ब्राऊन्स नव्याने उभी राहिली आणि ड्राफ्टमध्ये पहिला नंबर तिला मिळाला. त्यांनी घेतलं टिम काउच या क्वार्टरबॅकला. लगेच दुसऱ्या नंबरवर फिलाडेल्फियाने डोनोव्हन मॅकनॅबला घेतलं. मॅकनॅबने पुढे टीमला सुपर बोलपर्यंत नेलं. काउच २००३ नंतर एनएफएलची एकही लीग मॅच खेळू शकला नाही.

सगळे म्हणतात, निवड चुकली. मला हे अर्धंच पटतं. काउचच्या पुढे उभी राहून त्याला वाचवणारी जी पाच जणांची फळी असते, ती त्या नव्या टीममध्ये धड उभीच नव्हती. पहिल्याच सीझनमध्ये प्रतिस्पर्ध्यांनी त्याला बॉल हातात असताना ५६ वेळा खाली पाडलं. बावीस वर्षांचं पोरगं. पुढे खांदा गेला, पाय मोडला. २००२ मध्ये टीम कशीबशी प्लेऑफमध्ये पोचली, तेव्हा हा पाय मोडून बाहेर बसलेला. आणि हे फक्त क्लीव्हलँडचं नाही. २००२ मध्ये नव्याने आलेल्या ह्यूस्टन टेक्सन्सनेही पहिल्या नंबरवर क्वार्टरबॅक घेतला, डेव्हिड कार. त्याला पहिल्या सीझनमध्ये ७६ वेळा पाडलं गेलं. एका सीझनमधला तो विक्रम आहे.

दुकान उतरणीला लागलं की आपल्याकडे मालक पहिलं काय करतो? ‘एक खमका मॅनेजर मिळाला की सगळं रुळावर येईल.’ माझ्या बॅचमध्ये हे वाक्य दर महिन्याला ऐकतो. मग मी विचारतो, स्टॉक कॉम्प्युटरवर आहे का? उधारीची वही कोणाकडे आहे? पुरवठादाराला फोन कोण करतं? उत्तर ठरलेलं: ‘तेच तर त्याने येऊन करायचंय ना!’ म्हणजे पुढची फळी नाही, आणि नव्या माणसाने उभं राहून मार खायचा. सहा महिन्यांनी तो सोडून जातो आणि आपण म्हणतो, माणूसच पुचाट निघाला.

ब्राऊन्सचं पुढे काय झालं बघा. २००० साली सहाव्या फेरीत, १८३ नंबरवर त्यांनी स्पर्गन विन नावाचा क्वार्टरबॅक घेतला. सोळा नंबर नंतर, १९९ वर न्यू इंग्लंडने घेतला टॉम ब्रेडी. सात सुपर बोल जिंकलेला टॉम ब्रेडी. यावरून ब्राऊन्सला हसण्यात अर्थ नाही, कारण बाकीच्या टीमनीही ब्रेडीला पाच-पाच फेऱ्या सोडलं होतं. न्यू इंग्लंडने स्वतःसुद्धा.

२००७ मात्र माझ्या दृष्टीने या कहाणीतलं सगळ्यात शिकण्यासारखं वर्ष आहे. त्या वर्षी ब्राऊन्सने तिसऱ्या नंबरवर जो थॉमसला घेतलं. हा क्वार्टरबॅक नव्हता, त्याला वाचवणाऱ्या फळीतला. ड्राफ्टच्या दिवशी समारंभाला न जाता वडिलांबरोबर मासे पकडायला गेलेला माणूस. पुढे त्याने सलग १०,३६३ वेळा, एकही डाव न चुकवता, मैदानात उभं राहून काम केलं. २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि इतक्या वर्षांत त्याच्या मागे किती क्वार्टरबॅक येऊन गेले? वीसच्या आसपास. थॉमस एकही प्लेऑफ मॅच न खेळता निवृत्त झाला. उत्तम अकाउंटंट पंधरा वर्षं एका पेढीवर इमानाने बसलाय आणि समोर मॅनेजर बदलतायत, असं दृश्य डोळ्यांसमोर आणा.

त्याच २००७ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी २२ व्या नंबरवर परत एक क्वार्टरबॅक घेतला, ब्रेडी क्विन. त्यासाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा नंबर देऊन टाकला. नाही चालला. २०१२ मध्ये परत २२ वा नंबर, ब्रँडन वीडन. हा आधी बेसबॉल खेळून आलेला, ड्राफ्टच्या वेळी वय २८. नाही चालला. २०१४ मध्ये, तुम्ही ओळखलंच असेल, परत २२ वा नंबर. जॉनी मॅन्झेल. कॉलेजमधला सुपरस्टार, टीव्हीचा लाडका. दोन सीझनमध्ये बाहेर. एका चाहत्याने काउचची जुनी जर्सी घेऊन प्रत्येक नवीन क्वार्टरबॅकचं नाव पट्टीवर लिहून आधीच्या नावाखाली चिकटवायला सुरुवात केली होती. ती क्लीव्हलँडमध्ये एका काचेच्या खिडकीत लावलेली असायची. पट्ट्या लावता लावता जर्सी लांबी संपायला आली.

मग २०१६ मध्ये आकडेवारीवाले लोक आले. बेसबॉलमध्ये आकड्यांच्या जोरावर नाव कमावलेले पॉल डीपोडेस्टा त्यांच्यात होते. त्यांचं गणित मला पूर्ण पटतं, आणि त्यामागे अभ्यासही होता. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी ड्राफ्टचे आकडे तपासून दाखवलं की टीम वरच्या नंबरची किंमत फाजील लावतात. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला जास्त चांगला निघण्याची शक्यता होती साधारण ५२ टक्के. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरी. अख्खं स्काउटिंग खातं, व्हिडिओ, मुलाखती, धावण्याच्या चाचण्या, तळहाताची मापं, एवढं सगळं करून ५२. मग शहाणपण कशात? एका नावासाठी सगळं उधळण्यापेक्षा जास्त नंबर गोळा करा, जास्त वेळा नाणं उडवा.

ब्राऊन्सने तेच केलं. २०१६ मध्ये दुसरा नंबर फिलाडेल्फियाला विकला, त्यांनी कार्सन वेंट्झ घेतला. २०१७ मध्ये बारावा नंबर ह्यूस्टनला विकला, त्यांनी डेशॉन वॉटसन घेतला. बदल्यात पुढच्या वर्षांचे भरपूर नंबर जमा झाले. कागदावर तिजोरी भरली. मैदानावर? २०१६ मध्ये १६ पैकी एक विजय, २०१७ मध्ये शून्य. १६ पैकी शून्य! जानेवारी २०१८ मध्ये कडाक्याच्या थंडीत हजारो चाहत्यांनी स्टेडियमभोवती मिरवणूक काढली. स्टेडियमभोवती गोल फिरलं की आपोआप शून्य तयार होतं.

त्या शून्याच्या सीझनमध्ये बहुतेक सगळ्या मॅच कोणाच्या गळ्यात घातल्या? डीशोन कायझर, वय २१, दुसऱ्या फेरीतली निवड. पहिल्या मॅचपासून उभा केला. २२ वेळा त्याचा बॉल प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला. त्याच २०१७ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरवर कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्सला घेतलं आणि पहिलं जवळपास पूर्ण वर्ष बसवून ठेवलं. त्याच्यापुढे ॲलेक्स स्मिथ हा अनुभवी माणूस खेळत होता, कोच अँडी रीड शिकवत होते. महोम्स एकच मॅच खेळला, तीही सीझनची शेवटची. पुढचं तुम्हाला माहीत असेल. आता कायझर आणि महोम्सची गुणवत्ता सारखी होती असं मी म्हणणार नाही, महोम्स वेगळंच रसायन आहे. पण कायझरकडे नक्की काय होतं, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. टीमने एका वर्षात त्याला दुसरीकडे पाठवून दिलं. मला या सगळ्या कहाणीत सर्वात जास्त वाईट त्याचं वाटतं. नवीन पोराला दिवाळीच्या गर्दीत पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसवतात आणि हिशोब चुकला म्हणून सगळ्यांसमोर झापतात, तेव्हा मला तोच आठवतो.

पगाराचा एक मुद्दा इथे सांगायलाच हवा, नाहीतर चित्र अर्धवट राहील. २०१० मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला हमीचे ५ कोटी डॉलर मिळाले. २०११ मध्ये करार बदलला, नव्या खेळाडूंचे पगार नंबरप्रमाणे बांधले गेले. त्या वर्षीच्या पहिल्या नंबरला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे मिळून २.२ कोटी. त्यामुळे तरुण क्वार्टरबॅक चालला तर तो चार वर्षं स्वस्तात मिळतो आणि वाचलेल्या पैशात बाकीची टीम उभी करता येते. म्हणून सगळे या नावामागे इतके धावतात. चुकीच्या माणसाचा तोटाही आता पगाराचा कमी आणि गेलेल्या वर्षांचा जास्त असतो.

२०१८ मध्ये परत पहिला नंबर, बेकर मेफील्ड. १९९९ नंतर टीमसाठी सुरुवात करणारा तिसावा क्वार्टरबॅक. सप्टेंबरमध्ये जेट्सविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि ६३५ दिवसांनी क्लीव्हलँडने मॅच जिंकली. यावेळी पुढची फळी बरी होती, जमवलेल्या नंबरांतून चांगली पोरं आली होती. २०२० च्या सीझनमध्ये प्लेऑफ, आणि पिट्सबर्गला त्यांच्याच घरात ४८-३७ ने हरवलं. माणूस सापडला होता की नव्हता? माझं मत, सापडला होता. पुढच्या वर्षी तो खांद्याच्या दुखापतीसह खेळला, कामगिरी घसरली, आणि २०२२ मध्ये मालकांचा धीर सुटला.

त्यांनी वॉटसनला आणलं. तोच वॉटसन, ज्याला घ्यायची संधी २०१७ मध्ये त्यांनी विकली होती. आता त्याच्यासाठी पहिल्या फेरीचे तीन नंबर दिले आणि २३ कोटी डॉलर, पूर्ण हमीचे. त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे अनेक दावे दाखल होते. त्यासाठी ११ मॅचची बंदी आली, नंतर दुखापती आल्या. मेफील्ड फिरत फिरत टँपा बे इथे पोचला, तिथे प्लेऑफ मॅच जिंकला आणि २०२४ मध्ये त्याला १० कोटी डॉलरचा करार मिळाला.

मेफील्डला काढताना ब्राऊन्सकडे तुलनेसाठी दोन गोष्टी होत्या: त्याचं चालू वर्ष आणि दुसऱ्याचं जुनं नाव. चालू वर्ष दुखापतीचं होतं. तुम्ही दुकानातला माणूस बदलायच्या विचारात असाल तर एवढं करा. त्याचे मागचे बारा महिने कागदावर मांडा आणि प्रत्येक खराब महिन्यासमोर लिहा की त्या महिन्यात माल वेळेवर होता का, मदतनीस होता का, तो आजारी होता का. नवीन उमेदवाराबाबतही हेच विचारा: आधीच्या दुकानात याच्या मागे-पुढे कोण होतं? मेट्रो शहरातल्या शोरूमचा टॉप सेल्समन तुमच्या तालुक्याच्या दुकानात तेवढीच विक्री करेल असं धरून पगार ठरवू नका. सुरुवातीचे काही आठवडे जुन्या माणसाच्या शेजारी बसवा, गल्ला नंतर.

ब्राऊन्सचा शोध चालूच आहे. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा नंबर हातात असताना त्यांनी तो जॅक्सनव्हिलला विकला, पाचव्यावर बचावफळीतला मेसन ग्रॅहम घेतला आणि क्वार्टरबॅक दोन घेतले: तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल आणि पाचव्या फेरीत, १४४ नंबरवर, शेडूर सँडर्स. एकावर सगळं लावण्यापेक्षा दोन स्वस्त डाव. यावेळी कोच केव्हिन स्टेफान्स्कींनी सीझनची सुरुवात चाळिशीतल्या जो फ्लॅकोकडून केली आणि दोन्ही पोरांना बाजूला बसवलं. पण ऑक्टोबरपर्यंत फ्लॅको दुसऱ्या टीमला गेला होता आणि गॅब्रिएल मैदानात होता, नोव्हेंबरमध्ये सँडर्स.

पुढच्या व्हिडिओत पगाराचा बांधीव भाग आणि कमिशन यांचं प्रमाण कसं ठरवायचं ते बघू. बारा महिन्यांचा तो कागद तयार करून ठेवा, तिथे लागेल.