संगणकातील केर

१९९४ सालच्या सप्टेंबर महिन्यात आमच्या सुरत शहरात प्लेगची साथ उद्भवली. साचलेला केर किती घातक ठरतो, हे त्या वेळी सर्वांस कळून चुकले. पुढे १९९५ साली आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी रात्रीही रस्ते झाडण्याची व्यवस्था केली आणि शहराचे रूप पालटले. परंतु केर रस्त्यावरच साचतो असे नाही. तो संगणकाच्या स्मृतीतही साचतो. त्याची झाडलोट कशी होते, ते आपण पाहू.

१९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे आलँ कोल्मेरोअर व फिलिप रूसेल यांनी ‘प्रोलॉग’ ही तर्काधिष्ठित भाषा निर्माण केली. तीत आपण संगणकास माहिती व नियम देतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर त्याने शोधावयाचे. समजा, आपण विचारले, ‘सुरतेहून मनमाडला आगगाडीने कसे जावे?’ एक मार्ग नंदुरबार-जळगाववरून जातो, तर दुसरा वसई-कल्याण-नाशिकवरून. पहिला मार्ग धरताना संगणक फाट्यावर एक खूण ठेवतो. तो मार्ग आपल्या अटींत बसला नाही, तर तो खुणेपाशी परततो आणि खुणेनंतर स्मृतीत लिहिलेले सर्व एकदम पुसून टाकतो. येथे निराळ्या झाडूची गरजच पडत नाही.

पण मागे फिरण्याचा प्रसंगच न येता काम दीर्घकाळ चालले, तर? मधली टिपणे साचत जातात, स्मृती भरते आणि काम अर्ध्यावर थांबते. यावरील उपाय जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली ‘लिस्प’ या भाषेसाठी सांगितला होता. चालू कामापासून निघावे, एका टिपणावरून दुसऱ्यावर जावे आणि जे जे हाती लागेल त्यावर खूण करावी. खुणेवाचून उरेल तो केर!

प्रोलॉगमध्ये मात्र एवढ्याने भागत नाही. ज्या फाट्यांवरून अद्याप कोणी गेलेले नाही, तेथूनही हा शोध घ्यावा लागतो. नाशिकच्या मार्गास लागणारे टिपण आज निरुपयोगी भासेल. पण ते फेकले, तर उद्या उत्तर चुकेल. शिवाय उरलेली टिपणे एकत्र सरकवताना त्यांचा क्रम मोडता कामा नये. कारण ‘खुणेनंतरचे सर्व पुसणे’ ही सोय त्या क्रमावरच अवलंबून आहे.

विद्यार्थिमित्रांनो, झाडणे सोपे आहे. केर कोणता हे ओळखणे कठीण. एखादी वस्तू जुनी आहे किंवा आज वापरात नाही, एवढ्यावरून ती केर ठरत नाही. तिच्यापर्यंत पोहोचणारी एकही वाट उरली नसेल, तरच ती टाकावी.