घोकंपट्टी, अग्रलेख आणि फळांचा तक्ता

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्या पहिल्या तुकडीतली मुलं आता स्वतः पालक होण्याच्या वयाची झाली आहेत. तरी इंग्रजी वाचायला कसं शिकवावं याबद्दलच्या घरोघरच्या समजुती फारशा बदललेल्या नाहीत. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात मुलांना अगदी साधी, चार-पाच शब्दांची इंग्रजी वाक्यं वाचायला देतात. २०१६ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या जेमतेम एक चतुर्थांश मुलांना ती वाचता आली. २०२२ मध्येही प्रमाण तेवढंच राहिलं. मुलं कष्टाला कमी पडत नाहीत. कष्ट भलत्या जागी खर्च होतात.

सगळ्यांत जुना समज असा की स्पेलिंग घोकलं की वाचन येतं. ‘सी ए टी कॅट’ असा कोरस अजूनही वर्गावर्गातून ऐकू येतो. मराठी मुलासाठी इथे एक खास अडचण असते. देवनागरीत अक्षराचं नाव हाच त्याचा उच्चार: ‘क’ला क म्हणतात आणि तो क असाच वाचतात. इंग्रजीत तसं नाही. ‘डब्ल्यू’ या नावात व कुठेच ऐकू येत नाही, ‘एच’मध्ये ह नाही. ‘ए’ हे एकच अक्षर कॅट, केक, कार आणि बॉल या चार शब्दांत चार वेगळे आवाज काढतं. अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४, असा हा मामला आहे. फिलिप सीमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १३ युरोपीय भाषांतल्या मुलांचं सुरुवातीचं वाचन तपासलं. वाचनाचा पाया पक्का व्हायला इंग्रजी मुलांना इतर बहुतेक मुलांच्या दुपटीहून जास्त काळ लागत होता, आणि त्यांची तर ती मातृभाषा होती. तेव्हा आपल्या मुलाला वेळ लागला तर ‘याला डोकंच नाही’ असा निकाल देऊ नये.

यावर उपाय म्हणजे अक्षरांच्या नावांऐवजी त्यांचे आवाज शिकवणं, ज्याला आता सगळे फोनिक्स म्हणतात. मात्र त्याचीही एक अट आहे. आवाज जुळवून तयार झालेला शब्द मुलानं आधी ऐकलेला असला तरच त्याला अर्थ लागतो. इथे मराठी मुलाची शिदोरी कामाला येते, आणि तिच्याकडे फार कमी शिक्षक लक्ष देतात. बस, पेन, पिन, कप, टब, बॅट, नेट, बॅग, मग, जग, फॅन हे सगळे शब्द मूल शाळेत येण्याआधीच बोलत असतं, आणि त्यांचं स्पेलिंगही आवाजाबरहुकूम आहे. पहिला महिनाभर एवढ्यावरच वाचन बसवता येईल. त्याऐवजी अक्षरांच्या तक्त्यावर पहिल्याच ओळीत ‘अँट’ म्हणजे मुंगी येते, जी मुलाच्या तोंडी कधीच नसते.

आता अग्रलेखाबद्दल. ‘इंग्रजी सुधारायचंय ना? मग रोज इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाच, अवघड शब्दांखाली रेघ मार, डिक्शनरीत अर्थ बघ.’ हा सल्ला मायेनेच दिला जातो, पण नववी-दहावीच्या मुलाला इंग्रजीपासून तोडायला तो पुरेसा आहे. न्यूझीलंडचे भाषाअभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला: कोणाच्याही मदतीशिवाय वृत्तपत्र किंवा कादंबरी वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं माहीत हवीत. शब्दकूळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक. मजकूर आरामात समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे ५० शब्दांत फार तर एक अनोळखी. त्याहून जास्त शब्द अडले तर काय होतं ते मराठीतच पाहा: ‘काल मुंबईत झालेल्या बैठकीत मंत्र्यांनी शेतकऱ्यांच्या कर्जाबाबतचा ...... निर्णय ......’. दहातले आठ शब्द समजले, पण निर्णय घेतला की रद्द केला, कायम की तात्पुरता, ते कळलंच नाही. बातमी नेमकी त्या दोन शब्दांत होती.

याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. इंग्रजीतली सर्वाधिक वापरातली दोन हजार शब्दकुळं आली की साधारण मजकुराचा ८५ ते ९० टक्के भाग ओळखीचा होतो. नेहमीचे शब्द आधी, हे सूत्र आपल्याच उपखंडात राबवलं गेलं होतं. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी १९२० च्या दशकात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलांची क्रमिक पुस्तकं तपासताना त्यांना दिसलं की पानापानावर नव्या शब्दांची गर्दी आहे आणि त्यातले कितीतरी शब्द पुन्हा भेटतच नाहीत. अर्ध्यातून शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती काहीतरी उपयोगाचं राहावं, ही त्यांची तळमळ होती. म्हणून त्यांनी दुर्मीळ शब्द काढून नेहमीचे घातले, नवे शब्द दूर दूर पेरले आणि ते पुन्हा पुन्हा भेटतील अशी वाचनमाला तयार केली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी पुढे कितीतरी पाठ्यपुस्तकांचा आधार ठरली. रोज दहा ‘भारी’ शब्द पाठ करणाऱ्या मुलाला या यादीतले किती येतात, हे आधी तपासायला हवं.

‘संदर्भावरून अर्थ काढ’ हाही अर्धवट सल्ला आहे. मातृभाषेत वाचणाऱ्या मुलांवरच्या अभ्यासांतून दिसतं की अनोळखी शब्द एकदा वाचनात आला तर तो शिकला जाण्याची शक्यता साधारण १५ टक्के असते. तो पुन्हा पुन्हा भेटावा लागतो.

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचंच नाही, हा तर अनेक शाळांचा अभिमानाचा विषय. बातिया लाउफर आणि शमुएली यांनी १९९७ मध्ये इस्रायली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, मातृभाषेत अर्थ दिलेले शब्द इंग्रजीत स्पष्टीकरण दिलेल्या शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहिले. ‘ऑल्दो’ म्हणजे ‘जरी’, हे सांगायला दोन सेकंद लागतात. तेच इंग्रजीतून समजावताना तास जातो आणि मूल गोंधळलेलंच राहतं.

फळांचा तक्ता मात्र निरुपद्रवी वाटतो. पण टिंकहॅम (१९९३) आणि वेअरिंग (१९९७) या संशोधकांच्या प्रयोगांत एकाच गटातले नवे शब्द एकदम शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो असं आढळलं. ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ एकाच दिवशी शिकवले की कोणता कोणता याचा घोळ कितीतरी दिवस सुटत नाही. तक्ता उजळणीला ठेवावा.

मग भरपूर आणि सोपं वाचायला दिलं तर खरंच फरक पडतो का? फिजीतल्या ग्रामीण शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी वर्गावर्गात इंग्रजी गोष्टींची २५० पुस्तकं ठेवली. १९८३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: ही मुलं वाचनात आणि ऐकून समजण्यात नेहमीच्या दुप्पट वेगाने पुढे गेली होती.

आपल्याकडे पुस्तकांना पैसे नाहीत ही सबब आता टिकत नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून गोष्टी मोफत मिळतात, अवघडपणानुसार चार पातळ्यांत लावलेल्या, आणि त्यांतल्या कितीतरी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे आहेत. गोष्ट आधी मराठीत वाचू द्या, मग तीच इंग्रजीत. पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर पुस्तक बदला, मुलाला बोल लावू नका.